वहीचा मान

२ सप्टेंबर २०२४

आदरणीय देवमन वानखडे काका यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी रुचिका पवार. पुढच्या वर्षी आपल्या विद्यापीठाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त विद्यापीठाच्या इतिहासाचा ग्रंथ निघणार आहे आणि त्यातलं 'माणसं आणि परंपरा' हे प्रकरण माझ्याकडे आलं आहे. माझी नेमणूक तात्पुरती आहे, ग्रंथ छापून झाला की संपेल. परीक्षा विभागातल्या तुमच्या मुलाकडून, सतीशदादांकडून, तुमचा पत्ता घेतला. ते म्हणाले, बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, पण पत्र पाठवा, ते नक्की उत्तर देतील.

प्रकरणाची सुरुवात वहीच्या मानापासून करायची आहे. दीक्षांत समारंभाच्या मिरवणुकीत कुलगुरूंच्याही पुढे एक शिपाई चालतो, त्याच्या हातात लाल कापडावर ठेवलेली, कडा जळालेली पदवी नोंदवही असते, आणि ती सभागृहात आली की सगळे उभे राहतात. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात अशी रीत असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी एम. ए. ची पदवी घेतली त्या दिवशी मीही उभी राहिले होते. ग्रंथालयाला आग लागली तेव्हा एका शिपायाने जीव धोक्यात घालून ही वही वाचवली, एवढंच तेव्हा कोणीतरी कानात सांगितलं होतं. तो शिपाई म्हणजे तुम्ही.

त्या दिवशी काय घडलं ते तुमच्याच शब्दांत हवं आहे. आग कुठून लागली, तुम्ही आत कसे गेलात, आणि पुढे ही रीत कशी पडली, हे सगळं आठवेल तसं लिहा. आणखी एक आनंदाची गोष्ट सांगते. फेब्रुवारीतल्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ती वही घेऊन तुम्हीच चालावं असं समितीने ठरवलं आहे. तसं पत्र कार्यालयाकडून येईलच.

आपली,
रुचिका पवार

*

इंझोरी, ता. मानोरा
११ सप्टेंबर २०२४

मा. रुचिका मॅडम यांस,
देवमन वानखडेचा जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. येकदा मनात वाचलं, मंग भागिरथाले, म्हणजे माह्या घरवालीले, वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचाले लावलं. शुद्ध भाषा मले येते, बत्तीस वर्षं पुस्तकाईत काढली. पण तुमी 'तुमच्याच शब्दांत' म्हणता, तं जसं बोलतो तसं लिवून राह्यलो.

१७ जानेवारी १९९६, बुधवार. पाच वाजता ग्रंथालय बंद झालं. म्या खिडक्या लावल्या, फाटकापाशी आलो. साडेपाचच्या सुमारास मांगच्या खोलीच्या झरोक्यातून धूर निंघताना दिसला. त्या खोलीत जुने पेपर राहत अन् पदवी विभागाची दोन कपाटं होती. लोक जमले, पाणी पाणी करू लागले. आमचे ग्रंथपाल साहेब वरडले का कोणी आत जाऊ नका. म्या गोणपाट वलं केलं, डोक्यावर घेतलं अन् गेलो. आत काई दिसे ना. कपाट उघडं पडलं होतं. हाताले लागली ते वही छातीशी धरली अन् बाहेर आलो. दोन्ही तळहात भाजले. दीड महिना दवाखान्यात होतो. ते वही म्हणजे विद्यापीठाच्या पयल्या पदवीधरांची वही निंघाली. बाकी सारं जळून गेलं.

दुसऱ्या वर्षी नवे कुलगुरू आले. त्याईनं माहे हात पाह्यले अन् म्हणले, वानखडे, यंदा वही घेऊन तुमी आमच्या पुढं चाला. तवापासून रिटायर होईपर्यंत दरसाल चाललो. पयल्या वर्षी माहा बाप पाहाले आला होता. त्यानं सारी जिंदगी दुसऱ्याच्या वावरात काढली, पण बाबासायबाचं नाव घेऊन मले शाळेत टाकलं. त्याच्या पोराच्या मांगून कुलगुरू चालून राह्यले, हे त्यानं डोळ्यानं पाह्यलं. त्यानंतर तो दोन वर्षं जगला अन् रोज कोणाले ना कोणाले तेच सांगे.

आग कशी लागली ते चौकशीत आलं हाये. ते तुमच्या कागदात असंलच.

फेब्रुवारीत येतो. नवा सदरा शिवाले टाकला.

देवमन वानखडे

*

२३ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना त्या खोलीतला धूर माझ्या डोळ्यांपुढे आला. वडिलांबद्दलचा भाग मी जसाच्या तसा घेणार आहे.

एका ठिकाणी मात्र अडले आहे. चौकशीचा अहवाल मी अभिलेख कक्षातून काढला. त्यात लिहिलं आहे की, शेवटच्या वर्षाचा विज्ञानाचा विद्यार्थी धनराज हेमसिंग चव्हाण याने मागच्या खोलीत विडी ओढली आणि थोटूक जुन्या वर्तमानपत्रांत टाकलं. पुरावा एकच आहे, तुमचा जबाब. तुम्ही त्याला सव्वापाच वाजता त्या खोलीत विडी ओढताना पाहिलं, असं त्यात आहे आणि खाली तुमची सही आहे. त्यावरून त्या विद्यार्थ्याला तीन वर्षांसाठी काढून टाकलं.

आता मला पडलेला प्रश्न. वाचन कक्षाचं ये-जा रजिस्टर फाटकावरच्या चौकीत असायचं, त्यामुळे ते जळालं नाही. ते मला मिळालं. त्यात १७ जानेवारीला धनराज चव्हाण तीन वाजून पन्नास मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद आहे, त्यांच्या स्वतःच्या सहीने. परत आत आल्याची नोंद नाही. तुम्हीच लिहिलंत की पाच वाजता ग्रंथालय बंद झालं आणि तुम्ही खिडक्या लावल्या. मग सव्वापाच वाजता तो आत कसा होता?

आणखी एक. दीड महिना तुम्ही दवाखान्यात होता, दोन्ही तळहात भाजलेले. जबाबावर तारीख १९ जानेवारीची आहे. सही कशी केलीत?

माझं वाचण्यात काही चुकत असेल तर सांगा. ग्रंथात चूक जायला नको.

आपली,
रुचिका

*

इंझोरी
१५ ऑक्टोबर २०२४

रुचिका मॅडम यांस,

उत्तराले उशीर झाला. सोयाबीन काढणं होतं.

तुमी जे इचारलं ते अठ्ठावीस वर्षांमांगचं हाये. रजिस्टरात पोट्टे कवा बी सही मारत अन् कवा बी आत घुसत, हे त्या काळच्या कोणाले बी इचारा. सही म्या डाव्या हाताच्या दोन बोटाईनं केली होती. साहेब कागद घेऊन दवाखान्यात आले होते.

तुमी त्या हापिसात नव्या हा. मी जुना हाये. सतीश नऊ वर्षांपासून टेंपरवारी हाये अन् डिसेंबरात कायम होणाऱ्याईच्या यादीत त्याचं नाव हाये. ते नाव कटावं असं वाटणारे दोनचार जण तिथं बसले हायेत, मले मालूम हाये. त्याईनं तुमाले हे रजिस्टर काढून देलं असंल. मले अडकवलं का पोरगा आपोआप अडकते. तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या पोरीनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून असं करावं, हे मले बरं वाटलं नाई.

चौकशीत जे लिवलं ते लिवलं. त्यातलं काई उकरू नका. वहीचं जेवढं सांगतलं तेवढं छापा.

देवमन वानखडे

*

२० ऑक्टोबर २०२४

काका,

मला कोणी पाठवलेलं नाही. रजिस्टरही कोणी काढून दिलेलं नाही. अभिलेख कक्षात अडीच महिने धूळ खाऊन मीच ते शोधलं.

मी धनराज हेमसिंग चव्हाण यांची मुलगी. पवार हे सासरचं नाव.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग तुम्ही उत्तरच दिलं नसतं. तुम्ही आग कुठून लागली ते सोडून बाकी सगळं लिहिलंत, आणि मी माझं नाव सोडून बाकी सगळं लिहिलं.

माझे बाबा पोहरादेवीजवळच्या आमच्या तांड्यातून विज्ञान शिकायला गेलेले पहिले. फलकावर त्यांच्या नावाची सूचना लागली तेव्हा शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. हेमसिंग आजोबा दोनदा विद्यापीठात जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना सांगण्यात आलं की साक्षीदार आहे, आणि साक्षीदार असा माणूस आहे की ज्याने स्वतःचे हात जाळून विद्यापीठाची वही वाचवली. त्याच्या शब्दापुढे तुमच्या मुलाचा शब्द कोण ऐकणार? आजोबा तिसऱ्यांदा गेले नाहीत. पुढच्या दिवाळीनंतर बाबा त्यांच्या काकांबरोबर ऊसतोडीला गेले, आणि त्यानंतर सव्वीस हंगाम जात राहिले. गेल्या वर्षी गुडघे गेले, तेव्हा थांबले.

मी पाचवीत असताना प्रयोगाच्या तासाला गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, हिच्या हातात काडीपेटी देऊ नका. सगळे हसले. मला का ते कळलं नाही आणि घरी कोणी सांगितलं नाही.

एम. ए. ला प्रवेश घेतला तेव्हा बाबा माझी पेटी घेऊन फाटकापर्यंत आले. आत आले नाहीत. रस्त्यापलीकडे तीन तास उभे राहिले. मी पदवी घेऊन घरी गेले तेव्हा त्यांना मोठ्या कौतुकाने तुमची गोष्ट सांगितली, एका शिपायाने आगीतून वही कशी वाचवली ती. ते ताटावरून उठून बाहेर गेले. मग हिरीबाई आजीने मला जवळ बसवून सगळं सांगितलं. तुमच्यासाठी उभी राहिले होते मी, काका. टाळ्याही वाजवल्या होत्या.

बाबांनी या विषयावर आयुष्यात एकच वाक्य मला सांगितलं आहे: "मी चार वाजताच्या गाडीनं घरी येत होतो."

रजिस्टर मी समितीच्या अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, सही केलेला जबाब अजून उभा आहे. साक्षीदाराने स्वतः तो मागे घेतला तरच विचार करता येईल. मजकूर ३० नोव्हेंबरला छापखान्यात जाणार. त्यात बाबांचं नाव 'आग लावणारा विद्यार्थी' म्हणून छापलं जाईल, आणि पुढची पन्नास वर्षं ते पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात राहील.

तुम्ही काय पाहिलंत, एवढंच मला विचारायचं आहे.

रुचिका धनराज चव्हाण

*

१८ नोव्हेंबर २०२४

काका,

महिना होत आला. उत्तर नाही.

परवा सतीशदादा माझ्या टेबलापाशी आले. भांडायला आले असावेत, पण भांडले नाहीत. माझं पत्र तुम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, ते त्यांना दिवाळीत गादीखाली सापडलं. ते म्हणाले, बाबा दोन घासांवर उठतात, कोणाशी बोलत नाहीत, सदरा शिंप्याकडून आणला तो घडीतून काढलाही नाही. मग म्हणाले, डिसेंबरची यादी लागेपर्यंत थांबा, नंतर काय लिहायचं ते लिहा. मी म्हटलं, छापखाना थांबत नाही. त्यांनी मला विचारलं, "माझ्या बाबांनी खोटं सांगितलं असं तुम्हाला खरंच वाटतं?" मी हो म्हटलं. ते वळून गेले.

मी प्रकरणातून बाबांबद्दलचं वाक्य काढलं होतं. अध्यक्षांनी ते परत घातलं. म्हणाले, कारणाशिवाय आग लागत नाही, वाचक विचारतील. म्हणून मी प्रकरणावरून माझं नाव काढून घ्यायला सांगितलं आहे. जे खोटं आहे ते माझ्या नावाने छापलं जाणार नाही, तेवढंच माझ्या हातात उरलं.

यापुढे मी लिहिणार नाही. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता असं म्हणणार नाही. द्यायचा होता.

रुचिका

*

इंझोरी
२४ नोव्हेंबर २०२४

रुचिका पोरी,

मॅडम म्हणून लिवाले हात धजत नाई, म्हणून पोरी लिवलं. तुले आवडलं नाई तं खोडून वाच.

तुहा बाप त्या खोलीत नोहता. त्यानं विडी ओढली नाई. आग माह्यानं लागली.

मांगच्या खोलीत विजेची शेगडी होती, उघड्या तारेची. साहेबलोकांचा चहा तिच्यावर होये. तिथं शेगडी ठेवाले बंदी होती, पण चहा सारेच पेत. त्या दिवशी साडेचारले चहा केला. साहेबानं मधातच हाक मारली, म्या चहाचं गंज उतरवलं अन् गेलो. बटन बंद कराचं राह्यलं. बाजूले पेपराचे गठ्ठे होते. पाच वाजता मी समोरच्या खिडक्या लावल्या, मांगच्या खोलीत डोकावलो बी नाई.

धूर पाह्यला अन् मले शेगडीच आठवली. लोक समजतात का मी वहीसाठी आत गेलो. मी शेगडी काढाले गेलो होतो. शेगडी तिथं सापडली असती तं नोकरी गेली असती. आमच्या घरातली पयली नोकरी. सतीश तवा चार वर्षांचा. म्या तार ओढली, शेगडी उचलली. तापलेली होती, हात त्याच्यानंच भाजले. बाहेर शंभर माणूस उभा. झाकाले काईतरी पायजे म्हणून कपाटातली एक वही ओढली अन् तिच्यावर ठेवली, वरतून गोणपाट. बाहेर येताच साहेबानं माह्या हातातलं सारं घेतलं. वही लोकाईले दाखवली. शेगडी गोणपाटात गुंडाळून त्याच्या गाडीत गेली.

दोन दिवसांनं साहेब दवाखान्यात आले, कागद लिवूनच आणला होता. नावाची जागा तेवढी मोकळी होती. म्हणले, कोणीतरी पोरगा दाखवावा लागंल, नाईतर तू बी जाशीन अन् मी बी. नाव सांग. म्या नाव सांगतलं. मंग त्याईनं माह्या बोटात पेन देला.

ते साहेब आता नाईत. त्याईच्यावर ढकलून मोकळं व्हता येते, पण बोट माहं होतं.

दुसऱ्या वर्षी वही घेऊन चाल म्हणले, तवा नाई म्हणाले पायजे होतं. बाप पाहाले येणार होता. पुढच्या वर्षी वाटलं, आता नाई म्हणलं तं लोक काहून म्हणून इचारतीन. मंग सवय झाली. येका साली मानोऱ्याच्या स्टँडवर तुह्या बापाले पाह्यलं. टरकात सामान चढवून राह्यला होता, हातात कोयता. मी खांबामांग झालो. तवापासून यात्रेच्या दिवसात बी पोहरादेवीकडं गेलो नाई. अर्ध्या वाशिम जिल्ह्याची माणसं तिथं येतात, मी तालुक्यातला असून गेलो नाई.

परवा मानोऱ्याच्या तहसीलात जाऊन हे सारं स्टँपपेपरवर लिवून देलं. कागद सोबत हाये. जिथं द्याचा तिथं दे. सतीशले बसवून सांगतलं. तो उठून गेला. भागिरथाले त्याच्या आधी सांगतलं. ते म्हणली, इतके वर्षं मी तुमच्या हाताले तेल लावलं.

तुह्या बापाले इचार, मी आलो तं चालंल का. नाई म्हणला तं येणार नाई.

देवमन

*

३ डिसेंबर २०२४

काका,

तुमचं प्रतिज्ञापत्र २८ तारखेला कुलसचिवांच्या हातात दिलं आणि पोच घेतली. सायंकाळी अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, हे आत्ताच, दोन दिवस राहिले असताना कसं आलं? मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं उशिराने आलं आहे. छपाई थांबली आहे. विद्यापीठ तुम्हालाही खुलासा मागेल, तयारी ठेवा. माझी मुदत ३१ डिसेंबरला संपते, ती वाढणार नाही असं तोंडी कळवण्यात आलं.

तुमचं पत्र मी तांड्यावर जाऊन बाबांना वाचून दाखवलं. मी शेगडीच्या मजकुरापाशी आले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं, थोड्या वेळाने म्हणाले, वाच. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शेतात निघून गेले. दोन दिवस ते फक्त झोपायला घरी येत. मला भीती वाटू लागली की मी हे काय उकरून काढलं.

काल सकाळी म्हणाले, त्यांना येऊ दे. पण दिवसा, तांड्याच्या नायकाच्या अंगणात, सगळ्यांसमोर. माझं नाव सगळ्यांसमोर गेलं होतं.

रविवारी या. मी इथे असणार नाही. बाबांनीच सांगितलं, तू थांबू नकोस.

रुचिका

*

इंझोरी
१० डिसेंबर २०२४

पोरी,

रविवारी गेलो होतो. तू नोहती, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

भागिरथा संगं आली. म्या नको म्हणलं, तं ते म्हणली, मानाच्या टायमाले मी पुढच्या रांगेत बसत होती, आता बी येतो. यष्टीतून उतरून तांड्यापर्यंत पायी गेलो. नायकाच्या अंगणात पन्नासेक माणूस जमला होता, बाया वेगळ्या बसल्या होत्या. तुही आजी खाटेवर होती. तुहा बाप उभा होता. मी त्याले ओळखलं, पण माह्या डोळ्यापुढं अजून बी एकवीस वर्षांचा पोरगाच होता.

म्या सारं उभ्यानं सांगतलं, कागदात हाये तेवढंच, कमी नाई जास्त नाई. तुह्या आजीनं तुमच्या बोलीत काईतरी म्हणलं. कोणी त्याचं मराठी केलं नाई अन् म्या इचारलं नाई.

मंग तुह्या बापानं येकच गोष्ट इचारली. "दीडशे पोरं रोज येत होती. माहंच नाव काहून?"

पोरी, याचं उत्तर म्या कागदात लिवलं नोहतं. तुले बी लिवलं नोहतं. साहेबानं नाव सांग म्हणलं, तवा माह्या तोंडात दुसरं नावच आलं नाई, कारण दुसऱ्या कोणाचं नाव मले मालूम नोहतं. पोरं येत, चिठ्ठी पुढं टाकत, पुस्तक घेऊन जात. कोणी मान वर करून पाहे ना. तुहा बाप येवढा येक होता का ज्यानं पयल्याच दिवशी मले सांगतलं, काका, मी धनराज चव्हाण, तुमच्याच तालुक्यातला. मंग रोज जाता-येता घरचं इचारे, पाऊस झाला का, कापूस कसा हाये. म्हणून त्याचं नाव मले पाठ होतं.

हे म्या तिथं सांगतलं. 

तुहा बाप खाली बसला. दोन्ही हातानं तोंड झाकलं. मंग त्यानं वर पाह्यलं अन् म्हणला, "तुमी येऊन सांगतलं, हे चांगलं केलं. पण धनराजनं माफ केलं, असं कोणाले सांगू नका."

म्या म्हणलं, नाई सांगणार.

कोणीतरी भागिरथाले पाणी देलं. मले बी देलं. आमी पेलो अन् निंघालो. तांड्याच्या टोकापर्यंत येक माणूस सोबत आला, नायकाचा भाऊ असंल.

विद्यापीठाचा खुलाशाचा कागद आला हाये. जे लिवून देलं तेच पुन्हा लिवून देलं. यादी लागली, सतीशचं नाव त्यात नाई. तो काल घरी आला होता. जेवला. माह्याशी बोलला नाई, पण जाताना मायेले म्हणला, बाबाच्या छातीची गोळी सपत आली, आणून देतो.

देवमन

*

२७ फेब्रुवारी २०२५

काका,

मधले अडीच महिने मी लिहिलं नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता जे झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटतं.

जानेवारीत व्यवस्थापन परिषदेने १९९६ चा तो आदेश रद्द केला. दिलगिरीचं पत्र घेऊन उपकुलसचिव स्वतः तांड्यावर आले. बाबांनी ते वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक त्यांना दाखवली आणि घडी करून खिशात ठेवलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा विशेष बाब म्हणून देता येईल, असंही त्यात होतं. ग्रंथात आता आगीचं खरं कारण छापलं आहे, तुमच्या नावासह आणि बाबांच्याही. ते प्रकरण समितीने माझ्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं. नोकरी दिली नाही, नाव मात्र दिलं. तुमच्या वडिलांबद्दलचा मजकूर मी ठेवला आहे. तो खोटा नव्हता.

वहीचा मान बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याला शिपायांनीच विरोध केला. बाग विभागातल्या सुकेशनीताई बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, "या मिरवणुकीत आमची म्हणावी अशी येवढीच जागा हाये. देवमनदादा चुकले म्हणून ते काढून घेऊ नका." शेवटी रीत राहिली, आणि यंदा वही घेऊन त्या स्वतः चालल्या. वही सभागृहात येण्याआधी ध्वनिक्षेपकावरून त्या आगीची खरी हकीकत वाचून दाखवली, पाच-सहा वाक्यांत. मग वही आत आली आणि सगळे उभे राहिले.

बाबा आले होते. फाटकातून आत आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही, मीच त्यांचा धरला. सगळे उभे राहिले तेव्हा ते बसून राहिले. मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून रागाने पाहिलं. बाबांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं, आणि त्या परत पुढे वळल्या.

समारंभ झाल्यावर म्हणाले, परीक्षा विभाग कुठे आहे? मला वाटलं, नुसतं पाहायचं असेल. ते सरळ खिडकीपाशी गेले. खिडकीत सतीशदादा होते. दोघांनी एकमेकांना ओळखलं असावं. मग बाबा म्हणाले, बी. एस्सी. तृतीय वर्षाचा फॉर्म द्या. दादांनी फॉर्म दिला, स्वतःचं पेन दिलं आणि कुठे काय भरायचं ते एकेक रकान्यावर बोट ठेवून सांगत गेले.

एका रकान्यापाशी दोघेही थांबले. तिथे छापलेलं होतं: शिक्षणात खंड पडला असल्यास कालावधी व कारण. दादा खालच्या आवाजात म्हणाले, ते कोरं सोडलं तरी चालेल, मी पाहून घेईन.

बाबांनी कोरं सोडलं नाही. त्यांचं अक्षर अजून सुरेख आहे, काका, तुम्ही पाहिलं असेल ये-जा रजिस्टरात. कालावधीपुढे त्यांनी लिहिलं, एकोणतीस वर्षे. कारणापुढे लिहिलं, विद्यापीठास माहीत आहे.

सतीशदादांनी ते वाचलं. खाली शिक्का मारला आणि पावती दोन्ही हातांनी बाबांना दिली.

रुचिका